पत्त्यांतला मोर

सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचं बालपण गेलं त्याला जकार्डचा पत्ता म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. जाड पुठ्ठ्याची लांब पट्टी, तिच्यावर ओळीनं भोकं, दोन्ही टोकांना खुंटीसाठी जरा मोठी भोकं, आणि असे शेकडो पत्ते दोऱ्यानं एकमेकांना ओवून केलेली माळ. माग चालू असला की ही माळ वर जकार्डच्या चौकोनी सिलिंडरवरून फिरत राहते आणि खाली चादरीवर नक्षी उतरत जाते. सोलापूरची चादर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्यावरचा मोर माणसाच्या हातून पुठ्ठ्यात कसा जातो आणि पुठ्ठ्यातून सुतात कसा येतो, हे मात्र पूर्व भागाबाहेर फारसं कुणी पाहिलेलं नसतं. माझ्या वडिलांचं घर या कामावर चाललं, माझं चालतं, आणि अलीकडे काम संपल्यावरचा वेळही मी त्यातच घालवते. त्या वेळात मी घरच्या कॉम्प्युटरवर जुने पत्ते वाचते.

नायना ग्राफ भरायचे. आमच्या घरात तेलुगू बोलतात आणि वडिलांना नायना म्हणतात. शाळा मराठी, गल्लीत निम्मे कानडी, त्यामुळं एका वाक्यात तिन्ही भाषा येणं आमच्याकडे रोजचं आहे. उतरत्या लाकडी फळीवर ग्राफचा मोठा कागद, हाताशी लाल रंगाची वाटी आणि बारीक ब्रश, असं त्यांचं दुकान. आधी पेन्सिलीनं मोराची बाह्यरेषा काढायची, मग चौकोन भरायला बसायचं. कागदावरचा एक उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. चौकोन भरला तर त्या जागी ताणा वर उचलला जाणार, रिकामा ठेवला तर खाली राहणार.

नियम एवढाच, पण मोराच्या पोटात सलग लाल रंग भरून चालत नाही. तिथं धागा मध्येमध्ये बांधला गेला नाही तर तो कापडावर लांबच लांब सुटा पडतो, जोडव्यात अडकतो, दोन-चार धुण्यांत तुटतो. म्हणून भरलेल्या भागातही ठरावीक अंतरानं एकेक चौकोन मोकळा ठेवायचा. तोही अशा बेतानं, की लांबून बघणाऱ्याला त्या मोकळ्या चौकोनांची तिरकी रेघ दिसता कामा नये. ही बांधणी बसवण्यात नायनांचा दिवस जायचा. मोर तासाभरात काढून व्हायचा, आणि तो कापडात टिकावा म्हणून आठवडा लागायचा. लोक डिझाईन बघून मोराचं कौतुक करायचे. नायनांना कुणी बांधणी बघितली तर बरं वाटायचं. मला आज ग्राफ वाचता येतो तो त्यांच्या शेजारी बसून रिकामे चौकोन मोजल्यामुळं.

पुढं एमएस-सीआयटीचा कॉम्प्युटर कोर्स निघाला आणि आमच्याकडे गल्लोगल्ली क्लास लागले. तिथं माउस हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा पेंट उघडलं आणि चित्र मोठं करत गेले. मोठं करता करता पडद्यावर चौकोन दिसायला लागले. ओळखीचेच चौकोन. क्लासमधल्या बाकीच्या मुली सूर्य आणि घर काढत होत्या. मी एक फूल चौकोन चौकोन भरून काढलं आणि त्याच्यात बांधणीही बसवली. शिकवणाऱ्या सरांना ते मोकळे ठिपके कशाला ते कळेना. नायनांना दाखवायला मी त्याची प्रिंट घरी नेली. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिला प्रश्न केला, "इंचाला किती धागे धरलेस?"

प्रश्न नेमका होता. पडद्यावरचा ठिपका चौकोनी असतो, कापडातला नसतो. समजा ताण्याचे धागे इंचाला 48 आहेत आणि बाण्याचे 32. कापडावर दोन इंचांचा गोल हवा असेल तर तो रुंदीला 96 धाग्यांत आणि उंचीला 64 धाग्यांत बसवावा लागतो. पडद्यावर तो आडवा, चपटा दिसतो. आणि पडद्यावर गोल गरगरीत दिसला तर कापडावर अंड्यासारखा उभा येतो. म्हणूनच ग्राफचे कागद वेगवेगळ्या मापाच्या चौकटींचे मिळायचे. धाग्यांचं प्रमाण बघून कागद निवडायचा. कॉम्प्युटरवर हे प्रमाण डोक्यात ठेवून काम करावं लागतं, किंवा सॉफ्टवेअरला सांगून ठेवावं लागतं. आज माझ्या पडद्यावर बसकट मोर दिसला तरी मला तो कापडावर ताठ उभा दिसतो. डोळ्याला ही सवय लागायला बराच काळ गेला, आणि ती लागल्यावरच मी स्वतःला डिझायनर म्हणायला लागले.

काही वर्षं एका टॉवेल कारखान्याच्या डिझाईनच्या खोलीत नोकरी केली. मुलं झाल्यावर घरूनच कामं घ्यायला लागले. नवी पेठेतून सुटे भाग जमवून जोडून घेतलेला कॉम्प्युटर, जाडजूड काचेचा मॉनिटर आणि त्या दिवसांतल्या भारनियमनामुळं आधी घेतलेला यूपीएस. वीज जायच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या असत. वीज आली की शेजारचे माग सुरू होत, घराची जमीन हलल्यासारखी वाटे, आणि त्या खटखटीत मी चौकोन भरायला बसे. मागांचा आवाज लहानपणापासून कानात आहे, त्यानं कामात कधी व्यत्यय आला नाही. उलट आवाज थांबला की हात थांबतो.

डिझाईन झालं की ते पत्त्यांवर पाडायचं काम पंचिंगवाल्याचं. त्याच्या यंत्राला पियानो म्हणतात, कारण बोटांनी पट्ट्या दाबायच्या आणि पायानं दट्ट्या मारायचा. ग्राफची एक ओळ वाचायची, एक पत्ता पाडायचा. भोक असेल तिथं जकार्डची सुई आत जाते, हुक जागेवर उभा राहतो आणि वर जाणारी पाती त्याला धाग्यासकट उचलते. भोक नसेल तिथं पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हुक पात्यावरून सरकतो, धागा खाली राहतो. एका नक्षीत जितके बाण्याचे धागे, तितके पत्ते. इंचाला 40 बाणे असतील आणि नक्षी 12 इंचांनी पुन्हा येत असेल, तर एका नक्षीला 480 पत्ते. अशी माळ दोन माणसांनी खांद्यावर घेऊन जिना चढवायची.

फ्रान्समधल्या लियाँ गावच्या जोसेफ मारी जकार्डनं हे यंत्र 1804च्या सुमाराला उभं केलं. त्याचंच रेशमात विणलेलं एक चित्र पुढं निघालं, त्याला 24,000 पत्ते लागले होते. ते चित्र इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजच्या घरी होतं. बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राला हुकूम देण्यासाठी हेच पत्ते योजले, आणि एडा लव्हलेसनं 1843 साली त्या यंत्रावर लिहिताना जकार्डच्या मागाची आठवण काढली. 1890 साली अमेरिकेची खानेसुमारी भोकांच्या कार्डांवर मोजली गेली, आणि तिथून ही कार्डं मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या कॉम्प्युटरांपर्यंत पोचली. क्लासच्या पुस्तकात कॉम्प्युटरचा इतिहास एका पानात उरकला होता, त्यात जकार्डचं नाव ओझरतं होतं. ते वाचून मी उठून उभी राहिले होते. आमच्या आळीत छताला टांगलेली वस्तू आणि टेबलावरचा हा डबा एकाच घराण्यातले आहेत, हे त्या वर्गात माझ्याइतकं कुणाला लागलं नसेल. आज ते लिहितानाही मला तसाच अभिमान वाटतो.

आता हिशेब बघा. जकार्डला 400 हुक आणि नक्षीला 480 पत्ते धरले तर चौकोन होतात 1,92,000. प्रत्येक चौकोनाला भोक आहे किंवा नाही, एवढीच माहिती. कॉम्प्युटरच्या मापात ती 24,000 बाइट भरते. जुन्या 1.44 एमबीच्या फ्लॉपीवर अशा साठ माळा मावतात. दोन माणसांच्या खांद्यावरचं ओझं तळहातावरच्या चकतीच्या साठाव्या हिश्शात बसलं, त्यामुळं पत्ते जाणार हे ठरलेलंच होतं. इलेक्ट्रॉनिक जकार्डला पत्ता लागत नाही. फाईल द्यायची, यंत्रातले विद्युतचुंबक हुक धरतात किंवा सोडतात. मी आज जे डिझाईन करते ते पेन ड्राइव्हवरून किंवा मेलनं जातं, आणि सकाळी दिलेली नक्षी संध्याकाळी नमुना म्हणून विणून हातात येते. यात वाईट काही झालं असं मला वाटत नाही. पंचिंगवाल्यांचं काम गेलं ते मात्र माझ्या ओळखीच्या माणसांचं गेलं, आणि ते मी विसरत नाही.

पत्ते जड असतात, धूळ धरतात, उंदीर कुरतडतात, आणि जागा अडवतात. माग भंगारात निघाले की पत्ते रद्दीत जातात. कुणी पाण्याच्या बंबात घालतं. सुका पुठ्ठा चांगला पेटतो. जुनी गिरणी, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, सगळ्यांचे भोंगे थांबले, तिथली नक्षीची कागदं कुठं गेली कुणास ठाऊक. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कागदोपत्री नाव राखलं गेलं, आनंद आहे. पण त्या नावाखाली शंभरेक वर्षांत कोणकोणत्या नक्ष्या विणल्या गेल्या, याची वही कुणी ठेवलेली मला दिसली नाही. चादरी अंगावर विरून जातात. नक्षी काढणाऱ्याचं नाव चादरीवर कधी नसतं. उरतात ते पत्ते, आणि ते बंबात.

असाच एका कारखान्याचा माल निघत होता तेव्हा मालकांनी मला एक माळ नेऊ दिली. तिला दोऱ्यानं बांधलेल्या लाकडी ढलपीवर तेलुगूत लिहिलं होतं, "नेमली." मोर. ढलपीवरचं अक्षर नायनांचं नव्हतं. ते असावं अशी माझी फार इच्छा होती, म्हणून मी ते वळवून वळवून पाहिलं.

एकेक पत्ता हातानं वाचून चौकोन भरणं शक्य होतं, पण त्यात डोळे गेले असते. भाच्याला (वदिनाचा, म्हणजे वहिनीचा मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता) विचारलं. त्यानं पायथॉनचं नाव सांगितलं आणि दोन-तीन संध्याकाळी शेजारी बसून सुरुवात करून दिली. पुढं मी रेटत गेले. लाकडी चौकटीत काच बसवली, खाली ट्यूबलाइट ठेवली. काचेवर पुठ्ठ्याची खाच केली, म्हणजे प्रत्येक पत्ता त्याच जागी बसेल. वर मोबाईल आडव्या दांडीला बांधला. पत्ता ठेवायचा, फोटो काढायचा, पुढचा ठेवायचा. खालून उजेड असल्यामुळं भोकं पांढरी शुभ्र येतात आणि पुठ्ठा काळा. टोकाची खुंटीची मोठी भोकं इथं कामाला येतात. कॉम्प्युटरला आधी ती दोन भोकं शोधायला लावायची. ती सापडली की पत्ता किती तिरका आहे ते कळतं, आणि मधल्या सगळ्या जागा मापानं निघतात. मग प्रत्येक जागेपाशी एकच प्रश्न, उजेड आहे का? आहे तर 1, नाही तर 0. दोनशे वर्षांपूर्वी सुई हाच प्रश्न पुठ्ठ्याला विचारत होती.

सगळे फोटो झाल्यावर ओळीखाली ओळ लावली आणि चित्र उघडलं. पडद्यावर मोर नव्हता. काळ्या कापडावर तीळ सांडावेत तसे ठिपके होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधूनच एखादा वळसा असल्याचा भास व्हायचा आणि जायचा.

मी चादर हातात घेऊन बसले. कपाटात आईच्या वेळची एक होती, वरच्या बाजूनं निळ्यावर पांढरी फुलं आणि उलटली की पांढऱ्यावर निळी. ही दुहेरी वीण. यात दोन कापडं एकावर एक विणली जातात, एक पांढरं, एक निळं, आणि नक्षीच्या कडेला ती जागा बदलतात. वरचं खाली जातं, खालचं वर येतं. दोघांचा ताणा वेगळा, बाणाही वेगळा. मागावर मात्र ते एकाआड एक लावलेले असतात, पांढरा धागा, निळा धागा, पांढरा, निळा. पत्तेही तसेच, एक पांढऱ्या बाण्याचा, एक निळ्या बाण्याचा. म्हणजे माझ्या ठिपक्यांत चार चित्रं एकमेकांत विणून बसली होती. विषम ओळी आणि विषम रकाने वेगळे काढले, मग विषम ओळी आणि सम रकाने, आणि तशीच उरलेली दोन.

चारांतली दोन चित्रं नुसती बारीक चौकड्यांची निघाली. पांढरा ताणा पांढऱ्या बाण्याला जिथं भेटतो तिथं साधी वीण, एक वर एक खाली, सगळीकडे सारखी, निळ्याचंही तसंच. तिसऱ्यात मोर होता. मान मागे वळवलेला, पिसारा मिटून खाली सोडलेला, पायाशी वेल. चौथ्यात तोच मोर उलट, काळ्याचं पांढरं झालेलं. शेजारचे माग चालू होते आणि मी एकटीच पडद्यासमोर होते. नंतर घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. नायना हे बघायला हवे होते. त्यांनी आधी मोराकडे बघितलं नसतं, चौकड्यांकडे बघितलं असतं.

त्या चित्रात काही ठिकाणी मोराच्या मानेवर एखादा ठिपका भलत्याच जागी यायचा. फोटो मोठा करून पाहिला तर तिथल्या भोकाच्या कडेनं उजेड किंचित झिरपत होता. पत्ता हातात घेऊन बोट फिरवलं, कागदाची गोल टिकली चिकटवलेली लागली. आमच्या भागात पंचिंगचं काम आयुष्यभर केलेले एक चाचा आहेत, त्यांना घरी बोलावून दाखवलं.

"टिकली हाय ती, बेटी," ते म्हणाले. "भोक चुकीचं पडलं की टिकली लावायची. एका भोकासाठी आख्खा पत्ता फेकायचा नसतो."

मग त्यांनी पत्ता उजेडाकडे धरला, तिरका केला, भोकांच्या कडांवरून अंगठा फिरवला. भोकं पाडणाऱ्याची डावी करंगळी कमजोर होती, असं त्यांनी सांगितलं. टिकल्या बहुतेक एकाच पट्टीच्या जागी आहेत, त्या पट्टीवर डाव्या हाताची करंगळी येते. पुढचे पत्ते मी पडताळून पाहिले, तसंच होतं. मी त्या फाईलच्या नोंदीत हे लिहून ठेवलं आहे. कुणा अनोळखी माणसाची करंगळी, पण तिची नोंद व्हावी असं मला मनापासून वाटलं.

ही नोंद जिथं आहे ती माझी रोजनिशी. कॉम्प्युटर घरात आला तेव्हापासून मी ती लिहिते. आज कुणाचं काम आलं, इंचाला किती धागे, कोणती बांधणी घेतली, रंग काय सांगितले. शिवाय मुलांची दुखणीखुपणी, शेंगाचटणी किती केली, गड्ड्याच्या जत्रेत काय घेतलं, बतुकम्माला कोण आलं होतं. पाण्याची पाळी वेगळ्या तक्त्यात. उजनीचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी भर रात्री. म्हणून आलेला दिवस, सुटायची आणि बंद व्हायची वेळ मी लिहून ठेवायला लागले. उन्हाळ्याच्या आधी गल्लीतल्या बायका तो तक्ता बघायला येतात, आणि गेल्या वर्षी या दिवसांत कसं होतं ते बघून पिंपं कधी धुवायची हे ठरवतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा दुपारी कॉम्प्युटर लावतच नाही. पत्त्यांचे फोटो पहाटे, पाण्याला उठलेलं असतानाच काढते.

रोजनिशीची सुरुवातीची वर्षं मी अशा फॉन्टमध्ये लिहिली होती ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं, डीटीपीवाल्यांकडे, छापखान्यांत. पडद्यावर मराठी दिसे, पण फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी. पुढं विंडोज बदललं, तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नव्हता, आणि माझ्या लेकीच्या पहिल्या दिवाळीचं पान उघडलं तर तिथं कंस, चिन्हं आणि सुटी रोमन अक्षरं. एक शब्दही लागेना. मोराचे तीळ आणि हे पान यांत मला फरक दिसला नाही. दोन्हीकडे मजकूर जसाच्या तसा शाबूत होता, फक्त तो कसा वाचायचा हे सांगणारं माणूस जवळ नव्हतं.

तेव्हा जुन्या फॉन्टची एक छापील प्रत हाताशी घेऊन तक्ता केला. कोणत्या चिन्हाला कोणता तुकडा, क चा अर्धा भाग कुठं, रफार कुठं. सगळ्यात त्रास ऱ्हस्व वेलांटीनं दिला. जुन्या फॉन्टमध्ये ती डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते; युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. "दिवाळी" मधला द आधी, वेलांटी नंतर. जोडाक्षर असेल तर वेलांटी आख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलट, तो मागून उचलून पुढं आणायचा. पायथॉन पत्त्यांसाठी शिकले होते, ते इथं कामी आलं. हळूहळू पानं वाचती झाली, आणि लेकीची दिवाळी परत मिळाली. आता सगळं युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्टनं लिहिते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, ही मांडणी एकदा बोटांत बसली की मान खाली घालावी लागत नाही.

या दोन कामांनंतर मी पत्ते जपायची रीत बदलली. नुसतं चित्र ठेवून भागत नाही. प्रत्येक माळेबरोबर एक साधी मजकुराची फाईल ठेवते, कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशी. तिच्यात आधी मराठीत लिहिलेलं असतं: पत्ता कोणत्या बाजूनं धरून वाचला, पहिला पत्ता वरचा की खालचा, ताणा एकेरी की दुहेरी, धाग्यांचं प्रमाण काय असावं असा माझा अंदाज आणि तो कशावरून, टिकल्या कुठं आहेत. त्याखाली ओळीनं 1 आणि 0. एक ओळ, एक पत्ता. उद्या चित्रांचे प्रकार बदलले, सॉफ्टवेअर गेलं, तरी वाचता येणाऱ्या कुणालाही ग्राफच्या कागदावर बसून तो मोर पुन्हा भरता यावा, एवढी काळजी मी घेते. हे काम मागायला माझ्याकडे कुणी आलेलं नाही आणि त्याचे पैसेही नाहीत. तरी रोजच्या कामाच्या फायलींपेक्षा या फायलींच्या प्रती मी जास्त ठिकाणी ठेवते.

नेमलीच्या माळेत दोन पत्ते नाहीत. प्रत्येक पत्त्याच्या टोकाला शाईनं आकडा घातलेला आहे, त्यामुळं कुठले गेले ते लगेच कळतं. शेजारी शेजारचे आहेत, मोराच्या तुऱ्यापाशी. चाचांचं म्हणणं, आजूबाजूच्या ओळी बघून भरून टाक, विणकर तेच करायचा. विणायला घ्यायचं असेल तर तसंच करावं लागेल, आणि त्यासाठी मी वेगळी फाईल केली आहे. मूळ फाईलमध्ये त्या दोन ओळींत प्रश्नचिन्हं आहेत. तुरा तीन पिसांचा होता की चार, हे त्या दोन ओळींवर ठरतं, आणि ते ठरवण्याचा हक्क ज्यानं ग्राफ भरला त्याचा आहे.

ओळखीच्या एका टॉवेलवाल्यांनी तो मोर नमुन्यादाखल विणून बघायची तयारी दाखवली आहे. त्यांच्या मागावर दुहेरी वीण नाही, टेरीची वीण आहे. मोराला उठाव लूपनं द्यावा लागेल. धाग्यांचं प्रमाणही वेगळं, त्यामुळं मान आखूड होते. चौथ्या चित्रावरून बाह्यरेषा घेऊन सगळे चौकोन नव्यानं भरते आहे, पिसाऱ्याची बारीक टोकं टेरीत दिसणार नाहीत म्हणून ती दोन-दोन धाग्यांनी जाड केली. अजून डोळा बसायचा आहे. टेरीत डोळा एका ठिपक्याचा ठेवला तर लूपमध्ये बुडतो, चारांचा केला तर मोर वटारून बघतो.

सध्या काचेवर एक वेलबुट्टीची माळ आहे. तिची ओवणी कुजली आहे, पत्ते सुटे झालेत आणि आकड्यांची शाई बऱ्याच ठिकाणी उडाली आहे. क्रम लावायला चाचा रविवारी येणार आहेत.